हवा निघाली, दिवा राहिला

गुलाबी बोंडअळीनं आमच्या भागातला कापूस खाल्ला, त्याच वर्षी मी पिकअप चालवायला शिकले. बीटीच्या बियाण्याला अळी लागत नाही असं इतकी वर्षं ऐकलं होतं, आणि त्या दिवाळीनंतर बोंड फोडलं की आत अळी निवांत बसलेली दिसायची. नवऱ्यानं आदल्या वर्षी भाड्यानं माल वाहायला जुनी पिकअप घेतली होती. गावात वाहायला मालच उरला नाही, म्हणून तो वाळूजला कंपनीत लागला आणि गाडी अंगणात उभी राहिली. सुट्टीला आला की तो मला गावामागच्या माळावर गाडी शिकवायचा. लायसन हातात आलं त्या दिवशी सासूबाईंनी ओवाळलं ते गाडीला. मी बाजूला उभी होते.

सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणतो. त्या हिवाळ्यात त्यांचं बोलणं फार कमी झालं होतं. कापसाच्या उभ्या पऱ्हाटीत त्यांनी दुसऱ्यांच्या शेळ्या चरू दिल्या आणि स्वतः ओसरीवर बसून राहिले. घरात कोणी काही विचारलं तर मान हलवायचे, तेवढंच. त्यामुळे जानेवारीतल्या एका सकाळी मी आमचा आणि शेजारच्या दोन घरांचा राहिलेला कापूस भरून चिखलीकडच्या जिनिंगवर निघाले, तेव्हा ते टोपी घालून पुढच्या सीटवर येऊन बसले याचं मला नवल वाटलं. वजनावर लक्ष ठेवायला येतो, एवढंच ते म्हणाले. डोणगाव येईपर्यंत त्यांनी वरची कडी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. मेहकर ओलांडल्यावर एक हात सोडला.

गाडीचा डिझेलचा काटा बिघडलेला होता. टाकी भरलेली असो की रिकामी, तो पाव टाकीवरच असायचा. नवऱ्यानं मला किलोमीटर मोजून डिझेल टाकायला शिकवलं होतं आणि मी ते नेमानं करायची. पण आदल्या आठवड्यात डोणगावच्या बाजाराच्या दोन फेऱ्या जास्त झाल्या होत्या, त्या मी मोजायला विसरले. हिवरा आश्रम थोडंसं राहिलं असताना गाडीनं दोन आचके दिले आणि हळूहळू रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली. काय झालं ते मला लगेच कळलं. मेहकरातला पंप आम्ही नुकताच मागे टाकला होता, म्हणून जास्त लाज वाटली. मामाजींना सांगितलं तेव्हा ते दार उघडून खाली उतरले.

शेजारच्या हरभऱ्यात एक बाई तुषार सिंचनाचे पाइप हलवत होत्या. मामाजींनी त्यांच्याकडे कॅन मागितला. त्यांनी दिला, पण आधी त्यात फवारणीचं औषध होतं हेही सांगितलं. त्या वर्षी फवारणीच्या विषानं माणसं दवाखान्यात गेल्याच्या बातम्या सारख्या कानावर यायच्या. मामाजींनी तिथल्याच पाइपाखाली तो कॅन तीनदा खळखळून धुतला, हातही धुतले. मग मेहकरकडे निघालेल्या एका मोटारसायकलवाल्याला हात करून त्याच्या मागं बसून गेले. मी गाडीपाशी थांबले. त्या बाईंनी मला ओल्या हरभऱ्याचे डहाळे आणून दिले आणि बाईमाणूस एवढी मोठी गाडी चालवते याबद्दल बरीच चौकशी केली. ब्रेक पायानंच दाबतात का, हेही विचारलं.

तासाभरात मामाजी परतले. आम्ही कॅनमधलं डिझेल टाकीत ओतलं, मी चावी फिरवली. इंजिन नुसतं घरघरलं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा फिरवणार तोच मामाजींनी खिडकीतून माझा हात धरला.

"फिरवू नको, बाई. हिनं हवा धरली. बॅटरी उतरून जाईन, पन चालू नाही होत."

मी विचारलं, तुमाले कसं माहीत?

"विहिरीवरचं इंजन इतकी वर्सं कोनं चालवलं?" ते म्हणाले.

आमच्या विहिरीवर वीज यायच्या आधी डिझेलचं इंजिन होतं, हे मला फक्त ऐकून माहीत होतं. डिझेल संपलं की नळीत हवा शिरते आणि ती काढल्याशिवाय इंजिन उठत नाही, हे मामाजींनी त्या इंजिनावर कितीतरी वेळा निस्तरलेलं होतं. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, नळी कुठून कुठं जाते ते बोटानं धरून पाहिलं आणि डिझेलच्या फिल्टरपाशी येऊन थांबले. त्यावर हातानं दाबायचा छोटा पंप होता. बाजूचा स्क्रू त्यांनी पान्यानं किंचित सैल केला आणि मला पंप दाबायला सांगितलं. आधी नुसती फुसफुस झाली, मग फेस आला, मग बुडबुड्यांसकट डिझेल आणि शेवटी डिझेलची स्वच्छ धार. तेव्हा त्यांनी स्क्रू आवळला आणि आता फिरव म्हणाले. दुसऱ्या चावीला इंजिन लागलं. शेतातल्या बाईंनी लांबून हात वर केला. मामाजींनी धोतराला हात पुसले आणि कित्येक आठवड्यांनी मला त्यांचे दात दिसले.

पण स्टिअरिंगसमोरच्या काट्यांच्या पाटीवर इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा लागला होता आणि तो जाईना. गाडीत जोरही नव्हता. चढ लागला की ती बैलगाडीसारखी चालायची. मागं तीन घरांचा कापूस होता. इंजिनच गेलं तर नवऱ्याला काय सांगू? मामाजी त्या दिव्याकडे एकटक बघत होते. त्यांच्या विहिरीवरच्या इंजिनाला दिवा नव्हता.

हिवरा आश्रमला रस्त्यालगत एका म्हाताऱ्या मिस्तरींचं पत्र्याचं गॅरेज दिसलं, तिथं गाडी लावली. सगळे त्यांना चाचा म्हणत होते, म्हणून मीही चाचा म्हटलं. बॉनेटला हात लावायच्या आधी त्यांनी मला एकच गोष्ट विचारली, दिवा टिमटिमत होता की एकसारखा लागला होता. एकसारखा, मी सांगितलं.

"मंग घाबरू नको, बेटा. टिमटिमला असता तं दोर बांधून टोचन करून आनाची पाळी होती."

नंतर त्यांनी झालं ते सगळं सुरुवातीपासून सांगायला लावलं. डिझेल कुठं संपलं, कशातून आणलं, हवा कोणी काढली. हवा काढलेली जागा पाहून त्यांनी मामाजींकडे पाहिलं आणि काम बरोबर झाल्याचं मानेनं सांगितलं. मग फिल्टरच्या बुडाचा बूच सैल करून त्यांनी खाली काचेची बाटली धरली. बाटली उजेडात धरली तेव्हा वर डिझेल होतं आणि खाली चांगलं दोन बोटं पाणी.

"कॅन कोनं धुतला?" चाचांनी विचारलं.

मामाजी म्हणाले, "म्या धुतला. औषधाचा व्हता."

"धुतला ते अच्छा केलं, दादा. सुकू नाही देल्ला, इतलंच."

मला हसू आवरेना. मामाजींनी माझ्याकडे रागानं पाहिलं आणि मग तेही हसायला लागले, इतके की त्यांना टायरावर बसावं लागलं. चाचांनी पाणी काढलं, टाकीच्या तळातला गाळ चढलेला जुना फिल्टर बदलला आणि पुन्हा हवा काढायचं काम मुद्दाम मामाजींना दिलं. गाडीत जोर परत आला. दिवा मात्र होता तसाच.

चाचांनी समजावून सांगितलं की गाडीच्या आतल्या कॉम्प्युटरनं तक्रार लिहून घेतली की तो ती लगेच खोडत नाही. चार-पाच वेळा थंड गाडी चालू करून नीट चालवली की दिवा आपोआप जाईल. नाहीच गेला तर मशीन लावून बघायला गाडी शहरात न्यायची. आणि काटा दुरुस्त होईपर्यंत टाकी निम्म्याखाली जाऊ द्यायची नाही, हे त्यांनी मला दोनदा बजावलं.

जिनिंगवर पोचायला दुपार टळली. व्यापाऱ्यानं कापसात कोपरापर्यंत हात घालून तळातला किडका, पिवळा कवडी कापूस वर काढला आणि भाव पाडला. त्या वर्षी सगळ्यांचाच पडत होता. पण गाड्यांच्या रांगेत उभे असताना मामाजी पाच-सहा अनोळखी माणसांना डिझेलची हवा कशी काढायची ते सांगत होते. मी सीटवर बसून ऐकत होते. शेतातल्या गोष्टी निघाल्या, अळीच्याही निघाल्या. ज्याचं त्याचं दुःख तेच होतं, पण निदान मामाजी तोंडानं बोलत होते.

त्यानंतर रोज सकाळी चहाच्या आधी मामाजी माझ्याकडून चावी घेऊन गाडीत जाऊन बसायचे, चालू करायचे आणि दिवा बघायचे. मग मी गाडी वेशीपर्यंत फिरवून आणायची. चौथ्या सकाळी मी कणीक मळत होते तेव्हा त्यांची हाक आली.

"गेला वं, बाई. ये, पाह्य."

कणकेच्या हातानं मी धावत गेले. पाटीवर काही नव्हतं. दोघं काही वेळ तिथंच बसून राहिलो, इंजिन चालू ठेवून.

नवऱ्याला यातलं काहीच सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. त्या रविवारी त्याचा फोन आला आणि मामाजींनी तो माझ्या हातातून घेऊन सगळी हकीकत सांगितली, कॅन धुण्यासकट. डिझेल माझ्या विसरण्यानं संपलं हे तेवढं त्यांनी गाळलं. काटा खराब आहे, तो आधी दुरुस्त कर, असं त्याला दरडावलं.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही कापूस कमी करून सोयाबीन जास्त पेरलं. त्याच्या आधी उन्हाळ्यात एक दिवस मामाजी मला म्हणाले की आता मलाही गाडी शिकव. वयाची पासष्टी उलटली होती. मी त्यांना त्याच माळावर नेलं. सरळ रस्त्यावर ते आता छान चालवतात, फक्त गाडी मागं घ्यायची वेळ आली की खाली उतरतात आणि मला बोलावतात.