चेहरे वाचणाऱ्या मशीनकाकू

एका शेगडीवर दूध, दुसरीवर कुकर आणि डब्यांची घाई. त्यात दारावर थाप पडली. उघडलं तर शेजारच्या मशीनकाकू. केस विंचरलेले नाहीत, डोळे जागरणाने तांबारलेले.

"आधी गॅस बारीक कर, दूध वर आलंय," म्हणाल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. एरवी थेट ओट्याशी येऊन भांड्यात डोकावतात.

काकू मशीनवर कपडे शिवतात. नवरा गेल्यावर त्या मशीनच्या जोरावरच त्यांनी मुलाला वाढवलं. मशीनसमोर टीव्ही, सकाळपासून चालू. खडखडाटात संवाद काही ऐकू यायचे नाहीत, म्हणून त्या मालिकांमधले नुसते चेहरे बघायच्या. भुवई कितपत चढली की घर फुटतं, ओठाचा कोपरा कसा वळला की कुणाचा काटा काढला जातो, सगळं त्यांना पाठ. माझ्याकडे एकदा बघूनच म्हणायच्या, "आज नवऱ्याशी वाजलंय." वाजलेलं असायचंच. कपडे टाकायला आलेल्या आम्ही बायकाही त्यात भर घालायचो. "गोड हसणारीच केसाने गळा कापते," असं कुणीतरी म्हणायचं, बाकीच्या माना डोलवायच्या.

मग घरात सून आली. काकू जरा आवाज चढवून बोलल्या की ती ओठाच्या कोपऱ्यातून हसायची. झालं, काकूंची खात्री पटली. कपाटाच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला आल्या. सून फोनवर बोलायला लागली की मशीन थांबायचं. एक दिवस त्या तिला तोंडावरच म्हणाल्या, "हसतेस काय? माझं घर गिळायला आलीयेस, कळतं मला." ती तेव्हाही हसली. त्यानंतर काही दिवसांतच मुलाने वेगळं बिऱ्हाड केलं.

आता काकूंच्या घरात बोलणारा एकटा टीव्ही. जेवायला त्याच्यासमोरच बसतात. मालिकेत कुणी 'आई' म्हटलं की त्यांचा घास हातातच राहतो, हे मी पाहिलंय.

"काल पोराचा व्हिडिओ कॉल आला होता," त्या सांगू लागल्या. "सुनेच्या वडिलांना दवाखान्यात ठेवलंय. सांगताना ती हसत होती गं. मी म्हटलं, बापाच्या दुखण्यातही हसू सुचतंय हिला. तशी उठून गेली. मग पोरगा म्हणाला, आई, ती घाबरली की असंच हसते. लहानपणापासून."

कुकरची शिट्टी झाली.

"म्हणजे माझ्या घरात ती रोज घाबरलेलीच होती."

"आत या ना, चहा टाकते," मी म्हटलं.

"चहा राहू दे. माझा फोन ती उचलत नाही. तुझ्या फोनवरून लावून देतेस? चेहरा दिसतो तो नको, साधाच लाव. मला तिचं बोलणं नुसतं ऐकायचंय."