गव्हाणीतली लोकर

गेल्या नाताळाच्या आधी माझी प्रार्थनाच आटून गेली होती. सून दिवस भरायच्या आत बाळंत झाली आणि एवढुसं ते लेकरू दवाखान्यात काचेच्या पेटीत. मुलगा तिथंच थांबलेला. पडेगावच्या घरी मी आणि माझी नातवंडं, मोना आणि तिच्या पाठचा जॉनी. गुडघे टेकायचे, 'प्रभू' म्हणायचे, आणि पुढं शब्दच फुटायचा नाही. डॉक्टर म्हणायचे, वाट बघा. वाट बघणं मला कधी जमलंच नाही बघा.

पण लेकरांना नाताळ म्हणजे नाताळ. येशूच्या जन्माचा गोठा करायचाच होता. खोक्यावर कागद चिकटवून डोंगर केला, त्याला गेरू फासला. जॉनीनं मांजराची शेपटीही रंगवली. आमच्याकडं हिरवळ म्हणून डब्यांच्या झाकणांत गहू पेरतात, तोही पेरला. मरिया-योसेफ मांडले. गव्हाण तेवढी रिकामी, कारण बाळ येशूला तिच्यात नाताळच्या रात्रीच ठेवायचं, तोवर तो माझ्या कपाटात रुमालात असतो. ती रिकामी गव्हाण बघून मोनाला रडू फुटलं, "आपलं बाळ पण नाय आलं." तिला गप्प करायला मी बोलून गेले, "गहू उगवला ना, की आपलं बाळ घरी येतंय बघ."

मग काय! उठल्या उठल्या दोघं झाकणांपाशी. पाणी घालून घालून जॉनीनं पार चिखल केला. गहू काही उगवेना. एके सकाळी सातूचं पीठ करावं म्हणून डबा उघडला आणि माझी चूक ध्यानात आली. सातूसाठी भाजून ठेवलेला गहूच मी घाईघाईत लेकरांच्या ओंजळीत दिला होता! दुसरा गहू गुपचूप पेरून टाकावा, असंही मनात आलं. तेवढ्यात मोना येऊन उभी राहिली. "आजी, बाळ येणार नाय का?" मी तिला कुशीत घेतलं. म्हटलं, "गहू माझा चुकला गं, भाजलेला उगवत नाही. बाळाचं मला माहीत नाही. ते प्रभूला माहीत." ती कुशीतून सुटून पुन्हा झाकणांपाशी जाऊन बसली. तेच मला लई लागलं.

त्याच दुपारी दारासमोर मेंढरांचा गलका झाला. एक बाई पाणी मागायला आली. मागं तिची तरणी लेक, खांद्यावर कोकरू. जॉनी ओरडला, "आजी, मेंढपाळ आले! मावशी, तुम्हाला देवदूतानं धाडलं का?"

"नाय रं राजा, तहानंनं धाडलं," ती हसून म्हणाली.

पाणी पिईस्तोवर मोनानं तिला गहू, पेटी, बाळ, सगळं सांगून टाकलं. बाई उंबऱ्यावर टेकली, गव्हाणीकडं बघितलं. "ह्यात निस्तं वाळलं गवत? टोचंल की लेकराला." तिनं गाठोड्यातली मूठभर लोकर काढून मोनाच्या हातात दिली आणि लेकीकडं बोट केलं. "ही बी अशीच, दिवस भरायच्या आत झालती. लोकरीत गुंडाळून उराशीच धरली म्या, खाली ठिवलीच नाय. आता बघा, माझंच ऐकत नाय!" लेक लाजून कोकराच्या अंगात तोंड लपवायला लागली. मी त्या धडधाकट पोरीकडं बघतच राहिले. बाईचं नाव विचारायचंही सुचलं नाही.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. आज पहिल्यांदाच नर्सबाईंनी बाळाला पेटीतून काढून आईच्या छातीशी ठेवलं, आणि ते शांत झोपलं होतं. ते कुणामुळं, कशामुळं, मी विचारत बसले नाही. गुडघे टेकले, आणि शब्द आपसूक आले.

नाताळच्या रात्री मोनानं रुमालातून बाळ येशू काढला, पण गव्हाणीत ठेवला नाही. गव्हाणीतली लोकर उचलून त्याला गुंडाळलं आणि मरियेच्या अंगाशी टेकवून ठेवलं. "पेटीत नको, आजी. आईपाशी." जन्मभर गोठा मांडत आले मी, पण त्या रात्री तिला दुरुस्त केलं नाही.

बाळ सण उलटून गेल्यावर घरी आलं, प्रभूच्या वेळेनं. यंदा ते रांगत जाऊन तीच लोकर ओढतंय आणि मोना त्याच्यावर ओरडतेय. गहू मी पेरलाय, दाणा चावून बघून, कच्चाच. तो उगवला की काय होईल, ते मात्र कुणाला सांगितलेलं नाही. पेरायचं, पाणी घालायचं आणि प्रभूच्या पायाशी बसून राहायचं, एवढंच आपलं. वाट बघायला शिकवलंस प्रभू, ह्या म्हातारीवर तुझे लई उपकार.