एप्रिलपर्यंत थांबायची गुलाबं

नीलावहिनींचा फोन आला तेव्हा मी इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या ऑफिसातल्या कँटीनमध्ये चार जणांना माझ्या फजितीचा एक किस्सा हातवारे करून सांगत होतो. "अविनाश सकाळी गेला, भाऊजी," त्या म्हणाल्या, आणि त्याच दमात, "आत्ता दारात त्यानं मागवलेली गुलाबं आलीत. सहा आहेत. कधी लावायची?" वर गेलेला माझा हात तसाच वर राहिला... कॉलेजपासूनचा मित्र गेला होता, आणि ज्याच्या घरात पुदिनाही आठवडाभर टिकत नाही, त्या माणसाला गुलाबांचं विचारलं जात होतं.

अविनाश स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या एका गावात डॉक्टर होता. तिथे मे महिन्यातही सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडावा लागतो. पेशंटांना पथ्यं सांगणारा हा माणूस स्वतः दर वर्षी दसऱ्याला गुलाब लावायचा. शेजारची सत्तरीची जीन कुंपणावरून ओरडायची, "डॉक्टर, एप्रिल! इथे थंडीच्या तोंडावर लावलेलं झाड मूळ धरायच्या आत मरतं!" हा खुरपं उंचावून उत्तर द्यायचा, "मॅडम, आज साडेतीन मुहूर्तांपैकी एक आहे!" फेब्रुवारीत मुहूर्तासकट सगळं काळंठिक्कर. मग तो मला फोनवर मृतांची नावं वाचून दाखवायचा, मी शोकसभेतलं भाषण ठोकायचो, आणि आम्ही दोघं पोट धरून हसायचो.

डिसेंबरात त्याला शेवटचा भेटलो. कॅन्सर पसरला होता. खिडकीशी पांघरूण घेऊन बसला होता आणि मांडीवर नर्सरीचा कॅटलॉग. नुसत्या मुळांची, पानं गळून हिवाळी झोपेत असताना मातीविना पाठवतात तशी सहा झाडं त्यानं मागवली होती, लवकरात लवकर पाठवा असं सांगून.

"एप्रिलमध्ये मागव की," मी म्हटलं. "जीन नाचेल."

"जीनचं बरोबरच आहे रे. पहिल्यापासून होतं. पण मी कुठला पुरतोय एप्रिलपर्यंत! एकदा जमिनीत गेलेली बघू दे."

तीस वर्षं त्याच्या प्रत्येक वाक्यावर माझ्याकडे वाक्य तयार असायचं. त्या दिवशी मी विचारलं, "चहा गार झाला का?"

तेराव्याला वहिनी म्हणाल्या, आजच लावू, त्याची इच्छा होती. मी अविनाशचा लांब कोट चढवला, फावडं खांद्यावर टाकलं आणि सेनापतीच्या थाटात बागेत उतरलो. पहिल्याच घावाला खण्णकन आवाज झाला; हात खांद्यापर्यंत झिणझिणले, गोठलेल्या जमिनीवर ओरखडाही नाही. किटलीभर उकळतं पाणी ओतलं. वाफेचा ढग छान झाला, आणि पाच मिनिटांत तिथे चकचकीत बर्फ. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघायचं धाडस मला होईना.

जीन कुंपणाचं फाटक ढकलून आली. या वेळी ती ओरडली नाही. तिनं सहाही झाडं थंड शेडमध्ये नेली, बादलीतल्या ओलसर मातीत तिरपी खुपसली. "झोपलीयत. मुळं सुकू देऊ नका. जमीन सैल होईपर्यंत आणखी काही करता येणार नाही." 'आणखी काही करता येणार नाही' हे हॉस्पिटलमध्येही ऐकलं होतं, पण जीनच्या वाक्याला निदान एप्रिल जोडलेला होता.

आता मार्च संपत आलाय. अविनाशची एक खोड होती. थंडी ओसरायला लागली की जमीन किती सैल झाली ते बघायला तो रोज सकाळी चहाआधी बागेत जाऊन विणकामाची सुई जमिनीत खुपसायचा, अगदी इंजेक्शन दिल्यासारखी, आणि ती किती बोटं आत गेली ते दारातून मोठ्यानं जाहीर करायचा; आतून वहिनी दाद द्यायच्या. हल्ली वहिनी ते करतात. परवा त्यांचा फोन आला.

"भाऊजी, आज सुई दोन बोटं गेली."

"अरे वा!" मी नाटकात ओरडावं तसा ओरडलो.

"मी दारातनं ओरडले," त्या म्हणाल्या, "'दोन बोटं!' म्हणून... आतून काहीच आलं नाही. म्हणून तुम्हाला लावला फोन."