माझ्या जिभेला मीठ कळेना झालं

"मावशी, मीठ कमी पडत नाहीये. तुमच्या जिभेला ते कळत नाहीये," औरंगपुऱ्यातले डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले. रक्तात झिंक, म्हणजे जस्त, फारच कमी. लोहसुद्धा कमी. आजाराचं नाव हायपोग्युसिया, म्हणजे चव कमी कळणं.

पित्ताला भिऊन मी डाळ, शेंगदाणे सोडले होते. चहात भाकर चुरून दिवस काढायचे. जिभेवरच्या चव ओळखणाऱ्या पेशी सारख्या नव्या होत असतात, त्याला झिंक लागतं, असं डॉक्टरांनी समजावलं. आडातच नाय तर पोहऱ्यात कुठून येणार?

पण तोवर आमच्या मालकांना लकवा मारला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली.

बजाजनगरला आमच्या घरी स्वयंपाक माझ्याच हातचा. वरण अळणी लागायचं, मी मीठ टाकत राहायचे. ह्यांना बीपी. पण अन्नाला नावं ठेवायची नाय, ही आमच्या घरची रीत. मालक, लेक, सून, सगळे तांब्यातांब्यानं पाणी पिऊन उठायचे, शब्द नाय काढायचे.

बोलली ती परकी बाई. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या बहिणीला मी ह्यांच्या डब्यातली खिचडी दिली. एक घास खाऊन ती म्हणाली, "आपा, इतना नमक? इनको मत देव." तिथून माझ्या तपासण्या सुरू झाल्या.

सून रडत म्हणाली, "आत्या, तुमच्या हातचं खारट कसं म्हणावं?" अगं, म्हणायचं होतं की. लई राग आला मला, अजून येतो.

नुसत्या मिठानंच लकवा झाला असं म्हणता येत नाही, पण बीपी चढायला त्यानं हातभार लावला, असं डॉक्टर म्हणतात. ह्यावर मी काय समाधान मानू?

झिंकच्या गोळ्या मनानं घेऊ नका. जास्त झाल्या तर अंगातलं तांबं कमी होतं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी मला हळूहळू चव आली. उन्हाळ्यात मीच घालून वाळवलेली बाजरीची खारोडी तळून खाल्ली आणि थुंकली. महिनोन्महिने घरची माणसं असलं खारट खात होती.

घरात कुणाला एकाएकी सगळं अळणी लागायला लागलं तर दवाखाना गाठा. आणि जेवणारांनो, तोंड उघडा.

परवा पेजेत सुनेनं मीठ घातलं आणि न सांगता मीही घातलं. दोन चमचे भरवून मी ह्यांना विचारलं, "खारट झालीय का?" त्यांनी मान हलवली, नाय. मग मी चाखली. तोंडात धरवत नव्हती.