वळणापर्यंतची पाइपलाइन

नोकरीत मी खुनाचे तपास केले, दरोडेखोर पकडले. तरी कुणी विचारलं की कोणतं प्रकरण अजून मनातून गेलेलं नाही, तर मला एका सरकारी फायलीची चोरी आठवते.

बडोद्याच्या वेशीवरच्या एका गावात तेव्हा मी पोलीस इन्स्पेक्टर होतो. गावाचं आणि माणसांचं नाव मी सांगणार नाही. छोटी नगरपालिका होती आणि तिच्या हद्दीत नव्या सोसायट्या भराभर उभ्या राहत होत्या. त्यांतल्या एका सोसायटीला पाणीच नव्हतं. कागदोपत्री पाइपलाइन पूर्ण झालेली, बिल मंजूर झालेलं आणि नळ कोरडे. लोक टँकरवर जगत होते. वेरा, म्हणजे तुमची घरपट्टी, मात्र वेळेवर भरत होते.

एका सकाळी नगरपालिकेचा ओव्हरसीअर फिर्याद द्यायला आला. आदल्या दिवशी सोसायटीतल्या बायका रिकाम्या बादल्या घेऊन कचेरीत घुसल्या होत्या. त्या गोंधळात पाइपलाइनच्या कामाची फाईल टेबलावरून गेली आणि ती मोर्चाच्या पुढारी बाईंनी पिशवीत घालून नेली, असं त्याचं म्हणणं. सरकारी दस्तऐवजाची चोरी म्हणजे गुन्हा गंभीर. मी फिर्याद नोंदवून घेतली आणि बाईंना बोलावणं पाठवलं.

बाई साठीच्या होत्या, माझ्यासारख्याच मराठी. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, नवरा रिफायनरीत फिटर होता तो वारलेला. मला मराठीत बोलताना ऐकून त्यांना जरा धीर आला असावा.

"साहेब, मला चोरी करायची असती तर मी ती फाईल मागितली कशाला असती?" त्या म्हणाल्या. "तिची नक्कल मिळावी म्हणून तीन वेळा माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केलाय."

मी घराची झडती घेतली. फाईल नव्हती. कपाटात अर्जांच्या प्रती होत्या, तारखेप्रमाणे लावलेल्या. प्रत्येकीवर कचेरीचा शिक्का. सचिवालयापासून वॉर्डाच्या मेंबरपर्यंत कुणालाही लिहायचं त्यांनी बाकी ठेवलं नव्हतं.

माझी महिला हेड कॉन्स्टेबल गुजराती होती, वीस वर्षांची नोकरी झालेली. जीपमध्ये बसताना ती हळूच म्हणाली, "साहेब, आ बेन चोर नथी."

ही बाई चोर नाही, हे मलाही दिसत होतं. पण दुपारी नगरपालिकेच्या बड्या अधिकाऱ्याचा फोन आला, मग आणखी वरून एक. त्यांचा तोडगा सोपा होता. बाईंनी लेखी माफी मागावी, अर्ज मागे घ्यावेत, मग फिर्याद पुढे रेटायची नाही. मला हे सांगायला आजही लाज वाटते, पण तो निरोप मीच बाईंना दिला. चार तास बाकावर बसवून ठेवल्यावर दिला. वर म्हणालोही, "ताई, या वयात कोर्टाच्या पायऱ्या कशाला चढता? एक सही करा आणि घरी जा."

त्यांनी कागद वाचला. चष्मा काढला. मग विचारलं, "मी माफी मागितली तर नळाला पाणी येईल का, साहेब?"

मी कागद परत घेतला आणि जबाब नोंदवून त्यांना घरी पाठवलं.

त्यानंतरचे दोन दिवस ओव्हरसीअर सारखा ठाण्यात येत होता. प्रत्येक वेळी एकच चौकशी, "साहेब, अटक केव्हा करणार?" इथे मी सावध झालो. चोरीच्या फिर्यादी घेण्यात माझा जन्म गेला. ज्याची वस्तू खरोखर गेलेली असते, तो ठाण्याच्या दारातूनच विचारतो, "मिळाली का?" मग ती सायकल असो की मंगळसूत्र. या माणसाने फाईल मिळाली का, हे एकदाही विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी नगरपालिकेचा एक शिपाई ठाण्यात आला. निमित्त होतं टपाल देण्याचं. लिफाफा दिला तरी जाईना. मी त्याला आत बोलावून दार लोटलं.

तो खुर्चीच्या कडेवर बसला. "साहेब, माझी आठ महिन्यांची नोकरी राहिलीय," तो गुजरातीत म्हणाला. "माझं नाव येणार नसेल तर एक सांगतो. बायका आल्या त्याच्या दोन दिवस आधीच फाईल कचेरीतून गेली होती. मीच ती ओव्हरसीअर साहेबांच्या स्कूटरच्या डिकीत ठेवली."

"मग आत्ता का सांगतोस?"

"ती बेन दर वेळी अर्ज घेऊन येते तेव्हा मला पण पाण्याचं विचारते. म्हणते, तुमच्या वस्तीत येतं का हो? आमच्याकडे पण नाही येत, साहेब."

मी ओव्हरसीअरला बोलावलं. पस्तिशीचा माणूस, चांगल्या घरातला. आवाज चढवला नाही. चहा मागवला आणि त्याच्याच फिर्यादीतलं एकेक वाक्य त्याला वाचून दाखवू लागलो. फाईल टेबलाच्या कुठल्या बाजूला होती? वर कोणता कागद होता? तुम्ही कुठे उभे होता? बाईंची पिशवी कापडी की प्लास्टिकची? खोटं बोलणारा माणूस गोष्ट उत्तम सांगतो. तपशील विचारला की मात्र तो नवीन गोष्ट रचू लागतो. पिशवी आधी कापडी झाली, मग प्लास्टिकची, मग त्याला आठवेना.

मी विचारलं, "तुमच्या स्कूटरची डिकी केवढी मोठी आहे?"

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "सही माझी आहे, साहेब. पण काम मी पाहिलेलंच नाही. मोठे साहेब म्हणाले, बाकीचं पुढे होऊन जाईल, तू सही कर. मी केली. मग त्या बाईंनी नक्कल मागितली तेव्हा म्हणाले, फाईल घरी ने. मोर्चा आला तेव्हा म्हणाले, आता हे तिच्यावरच जाऊ दे." आणि तो रडू लागला.

फाईल करजण गावी त्याच्या बहिणीच्या घरी, गव्हाच्या कोठीत सापडली. पंचांसमक्ष जप्त केली. फाईलप्रमाणे पाइप मुख्य रस्त्यापासून थेट सोसायटीच्या शेवटच्या घरापर्यंत टाकलेला होता. आता जमिनीत काय आहे, ते पाहणं उरलं होतं.

मामलतदारांना विनंती करून त्यांच्यासमोर खोदायचं ठरलं. सकाळी दहालाच ऊन रणरणत होतं. सगळी सोसायटी रस्त्यावर आली होती. वर्षानुवर्षांचा राग होता, मला वाटलं दगड पडतील. पण बाई पुढे झाल्या आणि सगळ्यांना म्हणाल्या, "कुणी बोलायचं नाही. आज जमिनीला बोलू द्या."

मजुरांनी मुख्य रस्त्याकडून सुरुवात केली. पाइप लागला. दहा पावलं पुढे गेलो, तिथेही पाइप होता. लोक एकमेकांकडे बघू लागले. मग वळण आलं. तिथे पाइपाच्या तोंडाला बूच मारलेलं होतं, आणि पुढे कधीच न खणलेली घट्ट काळी माती. तीन ठिकाणी खोदून पाहिलं. माती, माती आणि माती.

एका म्हाताऱ्या काकांनी फक्त हात जोडले, कुणाला ते कळलं नाही. बाई रस्त्याच्या कडेला बसल्या आणि पदराने तोंड पुसत राहिल्या. हेड कॉन्स्टेबल त्यांच्याजवळ जाऊन बसली. मी पंचनामा लिहायला घेतला, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं.

बाईंवरची फिर्याद खोटी असल्याचा अहवाल मी कोर्टात पाठवला. ओव्हरसीअरने मॅजिस्ट्रेटसमोर जबाब दिला. बडे अधिकारी आणि ठेकेदार यांच्यावर गुन्हा दाखल झाला. खटला अजून चालू आहे, म्हणून जास्त लिहीत नाही. शिपाई सुखरूप निवृत्त झाला. माझी मात्र चार महिन्यांत बदली झाली. तिचं कारण मी विचारलं नाही.

पाइपलाइनचं उरलेलं काम नव्या ठेकेदाराने केलं. या वेळी सोसायटीतल्या दोन बायका रोज आळीपाळीने खड्ड्याजवळ खुर्ची टाकून बसायच्या. पाइप केवढा, किती खोल, सगळं वहीत लिहायच्या. ठेकेदार आधी चिडला, मग त्यांच्याच घरचा चहा घेऊ लागला. शेजारच्या तीन सोसायट्यांनीही हाच पाठ गिरवला. एका सकाळी मला बाईंचा फोन आला. हॅलो म्हटलं तर त्या काहीच बोलेनात. नुसता बादलीत पाणी पडल्याचा आवाज येत होता. पुष्कळ वेळ त्यांनी फोन तसाच धरून ठेवला.

सततच्या तक्रारखोर माणसांना पोलीस आणि कचेऱ्या डोकेदुखी समजतात. मीही समजत होतो. या प्रकरणानंतर मला कळलं की जो माणूस सातव्यांदा अर्ज करतो, त्याने अजून आशा सोडलेली नसते. सरकार आपलं आहे आणि ते ऐकेल, असं त्याला अजून वाटत असतं. धास्ती वाटावी ती अर्ज यायचे थांबतात तेव्हा.

आता निवृत्त होऊन मी बडोद्यात मांजलपूरला राहतो. मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीचा रस्ता उकरून ठेवला होता, तेव्हा कामाचा तपशील मागायला मी वॉर्ड कचेरीत गेलो. पूर्वी मी फोन केला असता. या वेळी रांगेत उभा राहिलो. पाऊण तासाने नंबर लागला.

कारकुनाने वर न बघता विचारलं, "तुम्ही कोण?"

इतकी वर्षं या प्रश्नाला मी हुद्दा सांगत आलो होतो. तोंडावर आलाही होता. मग अर्ज पुढे सरकवला आणि म्हणालो, "रहिवासी."