पाण्यामागं चालणारा खुंट

नागापुरात मुलाकडं राहत होतो. कटिंगच्या दुकानात बसलो होतो आणि किसनानं धरलेल्या माशाची माझी गोष्ट रंगात आली होती. मासा टेम्पोएवढा झाला होता, शेपटी अजून पाण्यातच होती... तेवढ्यात फोन वाजला. किसनाची बायको, भागूवहिनी. "भावजी, तुमचं दोस्त गेलं," एवढंच म्हणाल्या. दुकानातले विचारत राहिले, पुढं माशाचं काय झालं? मी गोष्ट तिथंच सोडून उठलो. किसना शेजारी असता तर म्हणाला असता, "अर्धं कर." चाळीस वर्षं माझ्या प्रत्येक थापेला त्याचा हाच एक भाव होता.

श्रीगोंद्याकडच्या आमच्या गावाला समुद्र नाही, पण धरणाचं पाणी आहे आणि त्या पाण्यावर सगळ्यांचा म्हणून एक घाट. किसना तिथं होडी चालवायचा. आमचं पाणी दिवाळीला पायरीशी येऊन बसतं आणि वैशाखात रुसल्यासारखं कोसभर लांब जातं. म्हणून होडीचा खुंट आम्ही पक्का रोवत नाही. पाणी उतरलं की उपटायचा, चार पावलं खाली नेऊन पुन्हा ठोकायचा. उन्हाळ्याअखेर उतारावर त्या भोकांची रांग दिसायची, जणू किसना काठी टेकत पाण्यामागं चालत गेलाय.

या घाटावर पहिला डोळा पडला तो बोट क्लबवाल्यांचा. कुंपण घालणार होते. ते कागदातच विरलं. मग आली मरीना, म्हणजे पैसेवाल्यांच्या बोटींचा वाहनतळ. नकाशात पांढऱ्या बोटी, हॉटेल, आणि आमच्या पायऱ्यांवर तिकिटाची खिडकी. नकाशा मात्र दिवाळीत काढलेला आणि सुनावणी वैशाखात. किसनानं साहेबांना हात जोडून विनंती केली की नकाशातल्या जेट्टीच्या, म्हणजे बोटी लावायच्या धक्क्याच्या जागेवरच बसू. बसलो. चहूकडं भेगाळलेला गाळ, पाणी पार तिकडं चमकतंय. मोठे साहेब पाण्यापर्यंत निघाले तर गाळानं बूट धरला. तीन बैलजोड्या लावल्या तेव्हा साहेब निघाले, बूट अजून तिथंच आहे. किसना शांतपणे म्हणाला, "साहेब, पानी एका जागी बसत न्हाई. तुमी बोटी कुटं बसवनार?" त्या वर्षी फाइल मिटली.

पुढं पूल झाला आणि होडीचे उतारू संपले. मरीना परत आली, या वेळी शहाणी होऊन. कागदात लिहिलं होतं, घाट वापरात नाही, तेव्हा भाड्यानं द्यायला हरकत नसावी. खोटं म्हणावं तर खरंच होतं ते. किसना मला म्हणाला, "तू रिटायर हायेस. चल, बस." मग रोज सकाळी एक फेरी, उतारू मी एकटा. पलीकडं उतरायचं, मातीला पाय लावायचा, परत बसायचं. पाहणीला साहेब आले तेव्हा मी ठोकून दिलं की पलीकडं माझी सासुरवाडी, दिवसातून दोनदा जातो. वल्हं न थांबवता किसना म्हणाला, "ह्याचं अर्धं धरा, साहेब." साहेबांनी लिहून घेतलं, रोज एकदा. घाट वाचला.

दिवाळीनंतर गुडघ्याच्या निमित्तानं मुलानं मला नागापूरला नेलं. महिन्यात येतो म्हणालो. "म्हंजे दोन," किसना म्हणाला. आयुष्यात एवढं एकदाच त्यानं दुप्पट केलं. मी चार लावले, आणि आलो ते त्याच्या मातीलाच... वहिनी सांगत होत्या, तो रोज रिकामी होडी पलीकडं नेऊन आणायचा. माझ्या बसायच्या फळीवर पाणी उडालं तर खांद्यावरच्या गमछ्यानं पुसायचा.

त्याला जाऊन आता पाच आठवडे झाले. मरीनाचा कागद पुन्हा निघालाय, पुढच्या आठवड्यात पाहणी आहे. परवा घाटावर गेलो तर होडी कोरड्या गाळावर आडवी, खुंट वरच, आणि पाणी आपलं पुढं निघून गेलेलं. पलीकडं कुणी नाही, अलीकडं कुणी नाही. मी माशाची राहिलेली गोष्ट मोठ्यानं सांगून पाहिली. मासा टेम्पोएवढाच राहिला. कमी करायला कुणी नव्हतं.

काल सकाळी खुंट उपटला, पाण्याच्या कडेला ठोकला आणि होडी ओढली. या गुडघ्यांनी, एकट्यानं, शंभर हात ओढली.

बरं, पन्नास. वहिनी मागून ढकलत होत्या.