इजिप्तचं देऊळ आणि आमच्या विहीणबाई

त्या वर्षी मी एकसष्ट वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला अजून बराच अवकाश होता. आता सत्तरी ओलांडल्यावर त्या बाईकडे मागे वळून पाहिलं की हसू येतं. साडीखाली स्पोर्ट्स शूज, गळ्यात चष्म्याची साखळी आणि पोटात मत्सर, एवढा ऐवज घेऊन ती एर्लांगेनला मुलाच्या घरी उतरली.

नातू अडीच महिन्यांचा होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. माहेर काही विमानात घालून जर्मनीला नेता येत नाही, म्हणून सुनेची आईच तिकडे जाऊन राहिली होती. त्यांचा व्हिसा संपत आला की मी यायचं, अशी मुलानं दोन आज्यांची पाळी लावली होती, कारखान्यात लावतात तशी. मध्ये थोडे दिवस दोघी एकत्र राहणार होतो. विहीणबाई मला सगळं समजावून देतील, मग जातील, असं ठरलं होतं.

घरात पाऊल टाकलं आणि कळलं, इथे राज्य दुसऱ्याचं आहे. डाळी त्यांनी लावलेल्या, मिसळणाचा डबा त्यांनी भरलेला. माझ्या मुलाच्या घरात मीठ कुठे आहे, ते मी त्यांना विचारायचं. मुलानं स्वयंपाकघरातून "आई" अशी हाक मारली, मी "काय रे" म्हणत उठले, तर तो त्यांना विचारत होता, वरणाला फोडणी दिली का म्हणून. सून बिचारी मला "अहो आई" आणि तिच्या आईला "ए आई" म्हणे, त्यामुळे तिच्या बाजूनं घोटाळा नव्हता. माझा मुलगा मात्र दोघींना एकाच हाकेत बसवून मोकळा झाला होता, आणि विहीणबाई माझ्याआधी ओ देत.

हे सगळं मी गिळलंही असतं. बाळाचं काही गिळता येईना. त्यांच्याकडे तो बोळकं पसरून हसायचा. माझ्याकडे आला की आधी ओठ काढायचा, मग लालबुंद व्हायचा, मग वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी लावून घ्यायचं. विहीणबाई म्हणायच्या, "नवा वास आहे ना, होईल हळूहळू सवय," आणि त्याला माझ्या हातातून अलगद उचलून घ्यायच्या. त्या अलगदपणाचाच मला फार राग यायचा.

हळूहळूला वेळ कुठे होता? रविवारी त्या निघणार. सोमवारपासून सून युनिव्हर्सिटीतला रखडलेला प्रबंध पुरा करायला बसणार, आणि बाळ दिवसभर माझ्याकडे. ते माझ्याकडे राहिलंच नाही, तर एवढ्या लांबून मी आले कशाला, लोणच्याच्या बरण्या पोचवायला?

शनिवारी मुलगा म्हणाला, "दोघींना कुठेतरी फिरवून आणतो. काय बघायचंय?"

मी वाटच बघत होते. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, इजिप्तची देवळं फळ्यावर काढून काढून हात दुखले, पण इजिप्तला जाणं राहूनच गेलं. बर्लिनच्या म्युझियममध्ये तिथल्या देवळांचे खांब आणि भिंती आणून ठेवल्या आहेत, हे मला ठाऊक होतं. निघण्याआधी महिनाभर पुण्यातल्या लायब्ररीत बसून मी तयारी केली होती. कशासाठी? विहीणबाईंसमोर फाडफाड बोलण्यासाठी. काय ती बाई. अडीच महिन्यांच्या पोरासाठीची लढाई तिला फेरोंच्या जिवावर जिंकायची होती.

ट्रेननं पोचलो. सून, मुलगा, बाबागाडीत बाळ, त्या गाडीच्या दांड्याला विहीणबाई, आणि मागे मी, व्याख्यानासह.

भल्या मोठ्या दालनात खांब उभे होते. मी घसा खाकरला. "या खांबांची टोकं नीट बघा, खजुराच्या झावळ्यांसारखी..."

"अगं, इकडे ये," विहीणबाई भिंतीजवळून सुनेला म्हणाल्या. "हे बघ, सगळे रांगेनं नैवेद्य घेऊन निघालेत. याच्या हातात बदक, त्याच्या डोक्यावर पाटी. आणि हा शेवटचा बघ, काही न घेताच आलाय. प्रत्येक कार्यात असतो असा एक."

सून खळखळून हसली. मुलगा म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर! आई, तुमचं लक्ष भारी असतं हं." "तुमचं" म्हणाला, म्हणजे ते माझ्यासाठी नव्हतं.

पुढे सिंहाच्या तोंडाची काळ्या दगडातली देवी होती. तिच्याविषयी मला दहा मिनिटं पुरेल एवढी माहिती होती. विहीणबाई म्हणाल्या, "आपली सिंहावर बसते, हिनं मधलं वाहनच काढून टाकलं." पुन्हा हशा. माझी दहा मिनिटं तशीच परत पोटात गेली.

तेवढ्यात बाळ रडायला लागलं. दगडी दालनात एका बाळाची चार बाळं झाली. विहीणबाईंनी घेतलं, थोपटलं, फेऱ्या मारल्या, गुणगुणून पाहिलं. थांबेना. सुनेनं पाजायला घेतलं, तर ते तोंड फिरवी. मुलगा सगळ्यांकडे बघून "सॉरी, सॉरी" म्हणत होता.

कोपऱ्यात उभी असलेली तिथली राखणदार बाई घडीचं स्टूल घेऊन आली. आता बाहेर काढते की काय असं वाटलं. तिनं स्टूल उघडलं, माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, "बिटे, ओमा," म्हणजे "बसा, आजी," असं म्हणाली आणि मला बसवलं. मग विहीणबाईंकडे वळून, बाळ इकडे द्या, अशी मान हलवली. विहीणबाई केस रंगवायच्या. मी नाही.

गणवेशातल्या जर्मन बाईपुढे काय बोलणार? बाळ माझ्या मांडीवर आलं. गाणी म्हणून उपयोग नव्हता, माझी सगळी गाणी त्यानं आठवडाभर नापास केली होती. तोंडात होतं तेच बाहेर पडलं. "पहाटे पुजारी उठतो," मी हळू आवाजात सांगू लागले. "तळ्यावर अंघोळ करतो. मग मोठं दार उघडतो. मग अंगण लागतं. मग खांबांचं दालन, तिथे उजेड कमी. मग आणखी एक दार. छत खाली येतं, जमीन वर चढते, अंधार वाढतो. आत देव झोपलेला. पुजारी त्याला उठवतो. न्हाऊ घालतो. नवं वस्त्र नेसवतो. भाकरी ठेवतो. मग आपल्याच पावलांचे ठसे झाडत झाडत, मागे मागे सरकत बाहेर येतो..."

पावलांच्या ठशांपर्यंत पोचले तोवर बाळाची मूठ सुटली होती. ते गाढ झोपलं होतं.

"आई, तुझ्या तासाला आम्ही सगळे असेच झोपायचो," मुलगा म्हणाला. तो माझ्याच शाळेत होता.

मी विहीणबाईंकडे पाहिलं. तो चेहरा माझ्या चांगल्या ओळखीचा होता. आठवडाभर तो मीच घालून फिरत होते.

"द्या इकडे," त्या म्हणाल्या. "तुमचा हात अवघडला असेल."

"छे हो, मुळीच नाही."

हात खांद्यापासून मेला होता. तरी तासभर मी हलले नाही. ज्या देवळासाठी जन्मभर जीव टाकला, ते मी पाहिलं एका स्टुलावरून, एक खांब आणि भिंतीचा तुकडा. मुलगा आणि सून बाकीचं बघून आली. विहीणबाई गेल्याच नाहीत. माझ्या हाताला रग लागायची वाट बघत त्या शेजारीच उभ्या राहिल्या.

रविवारी त्या गेल्या. सोमवारपासून बाळ माझ्याकडे राहिलं. दुपारी मी पुजाऱ्याला उठवलं की पाचव्या वाक्याला ते झोपायचं. जिंकले, असं मला वाटलं.

मग संध्याकाळी पुण्याहून व्हिडिओ कॉल यायचा. विहीणबाईंचा नुसता आवाज ऐकला की पोर हातपाय झाडत खिदळायचं. माझ्या वाट्याला त्याची झोप आली होती, हसू त्या घेऊन गेल्या होत्या. फोन माझ्याच हातात असायचा. मी तो किंचित माझ्याकडे वळवायची.

"अहो, बाळ दिसत नाहीये," त्या म्हणायच्या. "नुसत्या तुम्हीच दिसताय."

"हो का?" मी म्हणायची. "इथलं नेटवर्कच तसं आहे."